परीक्षकाची खुर्ची

मैत्रिणींनो, स्पर्धा कसलीही असो. महिला मंडळाची रांगोळीची असो, गणेशोत्सवातली पाककृतीची असो, नाहीतर शाळेतली वक्तृत्वाची. निकाल लागला, टाळ्या वाजल्या, की मागच्या रांगेतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अहो, आधीच ठरलेलं होतं सगळं!" म्हणणारीला ते खरोखर ठाऊक असतंच असं नाही. पण ऐकणाऱ्या चारचौघींना ते पटतं. आणि त्या चौघींचं बोट धरून जी मुलं उभी असतात, त्यांनाही पटतं. मला काळजी वाटते ती या मुलांची.

आज ज्या स्पर्धेबद्दल लिहिणार आहे ती मात्र आपल्या अंगणातली नव्हे. ती आहे घोडेस्वारीची, आणि तीही लहान मुलांची, पोनीवरची. पोनी म्हणजे आपलं तट्टू हो! पण भाड्याचं तट्टू वगैरे मनात आणू नका. इथल्या तट्टाला मोठा मान असतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पायाला नाल नसताना, मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो तिथपर्यंत मोजलं, तर उंची १४८ सेंटिमीटरपेक्षा जास्त भरता कामा नये. भरली, की तो घोडा. मुलांच्या पोनी स्पर्धेतून बाद. म्हणजे बघा, स्वारी सुरू व्हायच्या आधीच मापाची पट्टी बाहेर निघते.

तुम्ही म्हणाल, या बाईंना घोड्यांचं हे वेड कुठून लागलं? वेड माझं नाही, माझ्या भाचीचं. २०२३ च्या सप्टेंबरात चीनमधल्या हांगचौ इथे आशियाई खेळ झाले, त्यात ड्रेसाज नावाच्या प्रकारात भारताच्या संघानं सुवर्णपदक मिळवलं. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला अशी चौघांची नावं. घोडेस्वारीतलं सुवर्ण भारताला त्याआधी मिळालं होतं ते १९८२ साली, दिल्लीत. चौघांत दोन मुली आहेत हे टीव्हीवर पाहिलं आणि आमच्या भाचीनं हट्ट धरला. माझी धाकटी बहीण पुण्याला असते. नवराबायको दोघं नोकरी करतात; इकडून तिकडून काटकसर करून त्यांनी तिला एका रायडिंग क्लबात घातली. तट्टू क्लबाचं, बूट दुसऱ्या मुलीचे जुने, आणि हौस मात्र स्वतःची!

गेल्या हिवाळ्यात तिची पहिली मोठी स्पर्धा होती. "ताई, तू ये गं, मला एकटीला धडधडतं," असं बहिणीनं फोनवर सांगितलं, म्हणून मी गेले.

घोडेस्वारीत उड्यांचा प्रकार आपल्याला चटकन कळतो. आडवा बांबू पडला की चार दंडगुण. पडला की पडला, सगळ्यांना दिसतो. वाद कसला घालणार? ड्रेसाजचं तसं नाही. ती घोड्याची कवायत म्हणा ना. मुलांसाठी २० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब असा चौकोन आखतात. कडेनं इंग्रजी अक्षरांच्या पाट्या असतात. या अक्षरापाशी थांबायचं, त्या अक्षरापासून दुडकी चाल, मग गोल फेरी, मग लगाम सैल सोडून मोकळी चाल. एकेका हालचालीला शून्य ते दहा गुण. काही हालचाली महत्त्वाच्या, त्यांचे गुण दुप्पट धरायचे. परीक्षकाशेजारी एक लेखनिक बसतो. परीक्षक तोंडानं गुण आणि शेरा सांगतो, लेखनिक लिहितो. का? तर लिहायला मान खाली घातली तेवढ्यात घोड्याचं पाऊल चुकलं तर ते निसटू नये म्हणून. सगळं संपलं की बेरीज, बेरजेची टक्केवारी, आणि सगळ्या परीक्षकांची मिळून सरासरी.

इथे दोन परीक्षक होते. एक बाई समोरच्या आखूड बाजूला मधोमध, दुसरे गृहस्थ लांब बाजूच्या मध्यावर. भाचीनं आपलं काम मन लावून केलं. निकाल लागला. आमची पाचवी! बक्षिसं तिघांनाच.

लगेच बहिणीच्या कानावर आलं, की पहिली आलेल्या मुलीच्या क्लबात त्या समोरच्या परीक्षकबाई पूर्वी शिकवत असत. झालं! फळ्यावर दोन्ही परीक्षकांचे आकडे वेगवेगळे लावले होते. भाचीला बाजूच्या गृहस्थांकडून ६३.५ टक्के, आणि बाईंकडून ६०.५. बहीण म्हणाली, "बघितलंस ना ताई? तीन टक्के कापले! आपली ओळख नाही ना कुणाशी." आणि भाची माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, मग रोज पहाटे उठून जायचं कशाला?"

तो प्रश्न मला लागला. कारण त्याचं उत्तर काय देणार? "जाऊ दे, आपण मोठं मन ठेवायचं" असं म्हटलं, तर मुलीला अन्याय गिळायला शिकवलं. "जग असंच असतं" म्हटलं, तर तिचा सराव त्या दिवशीच संपला. बारा वर्षांच्या मुलीला दोन्ही उत्तरं घातक. मी म्हटलं, "आधी तुझं गुणपत्रक आण."

या खेळाची ही रीत मला फार आवडली. गुणपत्रक स्पर्धकाला परत मिळतं. प्रत्येक हालचाल, तिचे गुण, पुढे शेरा, खाली सही. आम्ही तिघी एका झाडाखाली बसलो आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून ओळीनं वाचायला लागलो.

पहिलीच गंमत अशी, की शेवटच्या थांब्याला बाईंनी ७ दिले होते आणि गृहस्थांनी ५. एकच घोडा, एकच क्षण, आणि दोन गुणांचा फरक! पण शेरा वाचला तेव्हा उलगडा झाला. गृहस्थांनी लिहिलं होतं, "मागचा पाय मागे राहिला." समोरून तो पाय दिसणारच नाही, समोर बसणाऱ्याला घोडा रेषेत सरळ आला की वाकडा, एवढं अचूक दिसतं. पावलाची लांबी आणि मागच्या पायांचं काम बाजूनं दिसतं. दोघंही प्रामाणिक, दोघंही बरोबर, फक्त खुर्च्या वेगळ्या. म्हणूनच तर ऑलिंपिकमध्ये आता सात परीक्षक चौकोनाभोवती निरनिराळ्या जागी बसवतात आणि सगळ्यांचं मिळून एक मत धरतात.

दुसरी गोष्ट भाचीला सापडली. तिनं पेन्सिल घेऊन बाईंच्या कागदाची बेरीज केली. एकदा केली, दोनदा केली. "मावशी, मोकळ्या चालीचे ७ डबल केलेच नाहीत!" खरंच की! त्या ओळीचे १४ धरायला हवे होते, धरले होते ७. एकूण गुण २००. त्यांच्या बेरजेत १२१ होते, व्हायला हवे होते १२८. म्हणजे ६०.५ नव्हे, ६४ टक्के. ज्या बाई आमच्यावर डूख धरून आहेत असं बहिणीला वाटत होतं, त्यांनीच भाचीला गृहस्थांपेक्षा अर्धा टक्का जास्त दिला होता! साडेतीन टक्के गिळले होते ते बेरीज करणाऱ्यानं. आणि त्याला बिचाऱ्याला कोण भाची आणि कोण पुतणी हे ठाऊकसुद्धा नव्हतं.

तक्रारीची मुदत निकालापासून अर्धा तास होती. बहीण उठायला लागली, तिला मी बसवलं. भाची स्वतः कागद घेऊन टेबलापाशी गेली. आवाज थरथरत होता, पण ओळीवर बोट ठेवून तिनं चूक दाखवली. तिथल्या गृहस्थांनी दुसऱ्या एकाकडून बेरीज तपासून घेतली, "बरोबर आहे बेटा," म्हणाले आणि फळ्यावरचा आकडा बदलला. सरासरी ६२ ची ६३.७५ झाली. पाचवीची चौथी. पदक नाहीच! पण मुलीचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता.

आणि बाईंचं काय? पहिल्या मुलीला त्यांनी ६९ टक्के दिले होते, बाजूच्या गृहस्थांनी ६९.५. म्हणजे झुकतं माप दिल्याचं आकड्यांत तरी काही दिसेना. तरीही माझं स्पष्ट मत आहे, की त्या गटापुरतं बाईंनी त्या खुर्चीवर बसायला नको होतं. ओळखीच्या क्लबातली मुलगी उतरणार आहे म्हटल्यावर संयोजकांना सांगून दुसऱ्या गटाचं काम मागून घ्यायचं. गुण बरोबर दिले तरी संशयाला जागा ठेवली, आणि त्या संशयाची झळ पहिल्या आलेल्या मुलीलाही लागली. तिनं कष्टानं मिळवलेल्या पदकाकडे चार जण तिरक्या नजरेनं बघत होते. तिचा काय अपराध?

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला जे उमगलं ते हे. निकाल न्यायाचा असणं आणि निकाल अचूक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनात काडीचं पाप नसलेला माणूस चुकीचे गुण देऊ शकतो, आणि नको त्या खुर्चीवर बसलेला माणूस बरोबर गुण देऊ शकतो. आपण मात्र चूक दिसली की पाप शोधतो. दोन्हींचं औषध वेगळं आहे. चुकीला हवी फेरतपासणी, आणि पक्षपाताला हवी खुर्ची हलवायची सोय.

पक्षपात होतच नाही, असं मी मुळीच म्हणत नाही. याच ड्रेसाजची १९५६ ची गोष्ट ऐका. त्या वर्षीचं ऑलिंपिक ऑस्ट्रेलियात मेलबर्नला होतं. पण बाहेरची जनावरं आत आणण्याविषयीचे तिथले कायदे इतके कडक, की घोड्यांच्या तेवढ्या स्पर्धा स्वीडनमध्ये स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या. तिथे जर्मन परीक्षकानं पहिले तिन्ही क्रमांक जर्मन स्वारांना दिले, आणि स्वीडिश परीक्षकानं पहिले तिन्ही स्वीडिश स्वारांना! इतकं उघड! पुढच्या, म्हणजे १९६० च्या रोमच्या ऑलिंपिकात ड्रेसाजची सांघिक स्पर्धा घेतलीच नाही. ती पुन्हा आली १९६४ मध्ये. चूक परीक्षकांची, आणि खेळायला मिळालं नाही ते स्वारांच्या संघांना.

त्याच स्टॉकहोमच्या स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंनी. १९४४ मध्ये, पोटात मूल असताना त्यांना पोलिओ झाला. गुडघ्याखाली पायांत बळ राहिलं नाही. घोड्यावर चढायला-उतरायला दुसऱ्याचा हात लागे. तरी १९५२ साली हेलसिंकीला रौप्य, आणि १९५६ ला पुन्हा रौप्य! आणि १९५२ च्या आधी? आधी बायकांना ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये उतरताच येत नव्हतं. गुणपत्रकावर त्यांच्या नावाची ओळच नव्हती, तर गुण कुठले? म्हणून म्हणते, पहिला अन्याय गुणांचा नसतो, प्रवेशाचा असतो. आज हा खेळ असा आहे की बायका आणि पुरुष एकाच रिंगणात, एकाच नियमानं उतरतात.

ब्रिटनमध्ये गावोगावच्या पोनी शोमध्ये आणखी एक प्रकार असतो. परीक्षक रिंगणात मधोमध उभे राहतात, मुलं तट्टांवरून भोवती फिरतात. परीक्षक एकेकाला खूण करून ओळीत उभं करतात. मग प्रत्येकाचं थोडं काम पाहायचं, खोगीर उतरवून तट्टाची ठेवण पाहायची, आणि ओळ पुन्हा लावायची. पहिल्याला लाल फीत, दुसऱ्याला निळी. (अमेरिकेत नेमकं उलट; तिथे निळी पहिल्याची!) काही ठिकाणी काम आणि ठेवण यांना वेगळे परीक्षक वेगळे गुण देतात. पण जिथे नुसती ओळच लावतात, तिथे चौथ्याला आपण चौथे का, हे कळायचं कसं? मला तर हे वाचताना आपल्याकडचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम आठवला. चालून दाखव, बसून दाखव, आणि आठ दिवसांनी निरोप, "योग नाही." का नाही, ते कधीच कळत नाही. लेखी शेरा नाही, की बेरीज तपासायची सोय नाही.

एकच एकूण मत देण्यात आणखी एक धोका असतो. बी. ए. ला मानसशास्त्र होतं, तेव्हाचं थोडं आठवतं. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२० मध्ये एक निबंध लिहिला. लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना बांधा, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव असे वेगवेगळे गुण दिले होते. पाहावं तर ज्याचा बांधा चांगला, त्याला बुद्धीचेही गुण चांगले, स्वभावाचेही चांगले! एका गोष्टीची छाप बाकी सगळ्यांवर पडत होती. त्यानं त्याला देवाच्या डोक्यामागच्या प्रभावळीचं नाव दिलं. परीक्षकाच्या मनात लबाडी नसतानाही हे घडतं. तट्टाची आयाळ सुबक विणलेली, मुलीचा कोट नवा, की गोल फेरीसुद्धा जास्त गोल दिसायला लागते. आमच्या भाचीचे बूट जुने होते ना!

यावर उपाय आहे, आणि तो आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. उत्तरपत्रिका तपासताना मी एकेक अख्खी तपासत नाही. सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी, मग सगळ्यांचा दुसरा. सुंदर अक्षराची मोहिनी निदान पुढच्या प्रश्नापर्यंत लांबत नाही. दहावीच्या उत्तरपत्रिकासुद्धा परीक्षकापाशी थांबत नाहीत, नियामकाकडे जातात. हा परीक्षकावरचा अविश्वास नव्हे. तो माणूस आहे, त्याला दोनच डोळे आहेत, एवढंच त्यात मान्य केलेलं असतं.

आता तुमच्या-माझ्या कामाचं सांगते. संक्रांतीला, नवरात्रात मंडळाच्या स्पर्धा होतात आणि कधी ना कधी आपल्यालाच परीक्षक म्हणून बोलावतात. तेव्हा एवढं जरूर करा:

गुण कशाकशाचे, हे आधी ठरवून फळ्यावर लिहा. रांगोळी असेल तर रेखाटन, रंगसंगती, स्वच्छता, कल्पना. प्रत्येकाचे वेगळे गुण.

दोघी परीक्षक असाल तर कागद हातावेगळा होईपर्यंत एकमेकींशी बोलू नका. "छान आहे ना गं?" एवढं म्हटलं तरी दुसरीचा हात वळतो. आणि रांगोळीभोवती दोन्ही बाजूंनी फिरा, एकाच जागी उभ्या राहू नका.

स्पर्धेत आपली जाऊ, नणंद, सून किंवा शिकवणीची मुलगी असेल तर आधीच सांगून खुर्ची सोडा. "मी काही पक्षपात करणार नाही हो," हे म्हणणं पुरेसं नाही.

बेरीज गुण देणारीनं करू नये. दुसरीनं करावी, तिसरीनं तपासावी. आणि कागद स्पर्धकांना पाहू द्यावेत. ज्याला आपले गुण दाखवायची लाज वाटते, त्यानं ते देऊ नयेत.

राहता राहिली आपली मुलं. हरून घरी आली की त्यांच्यासमोर "ठरलेलंच होतं" म्हणू नका आणि "जाऊ दे" असंही म्हणू नका. कागद घेऊन त्यांच्याशेजारी बसा. बेरीज चुकली असेल तर मुदतीत आणि नम्रपणे दाखवायला त्यांनाच पाठवा. खुर्चीवर नको तो माणूस असेल तर त्याबद्दल आपण मोठ्यांनी संयोजकांशी बोलायचं, ते मुलांवर टाकायचं नाही. आणि उरलेले गुण? ते दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसलेलं खरं असतं. आमच्या भाचीनं त्यातून एक मागणी काढली आहे. सरावाच्या वेळी बहीण मोबाइलवर चित्रण करते ना, तिला ती बजावते, "आई, समोरून नको, बाजूला जाऊन उभी राहा. माझा मागचा पाय दिसला पाहिजे!"